रेस्टलिनची नव्हे, कॅरामनची गोष्ट : 'ड्रॅगनलान्स लेजंड्स' पुन्हा वाचताना

माजघर

आधीच सांगतो, तिन्ही भागांचा शेवट या धाग्यात उघड होणार आहे. ज्यांना अजून वाचायचं आहे त्यांनी इथूनच मागे फिरा, पुस्तकं वाचा आणि मग या. धागा कुठे जात नाही.

'टाइम ऑफ द ट्विन्स', 'वॉर ऑफ द ट्विन्स' आणि 'टेस्ट ऑफ द ट्विन्स'. मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांची ही तीन पुस्तकं, तिन्ही १९८६ सालची. आम्ही ती अकरावीत असताना वाचली. हुतात्मा चौकातल्या फूटपाथवर दोनच भाग मिळाले होते, मुखपृष्ठांचे कोपरे गेलेले. तिसरा हाती लागायला पुढचा पावसाळा उजाडला. तोवर पुढे काय होईल यावर आमची रोज भांडणं व्हायची, आणि दोघंही रेस्टलिनच्याच बाजूने भांडायचो. सोनेरी कातडीचा, वाळूच्या घड्याळाच्या आकाराच्या बाहुल्यांचा, खोकून खोकून रक्त टाकणारा जादूगार. तो ज्याच्याकडे पाहील ते त्याच्या डोळ्यांसमोर म्हातारं होतं, सुकतं, मरतं. अंगात ताकद नाही, डोकं मात्र विलक्षण, आणि लहानपणी सगळ्यांनी छळलेला. पुस्तकात डोकं घालून बसणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला तो आपलाच वाटणार.

यंदा गणपतीच्या सुट्टीत पुन्हा वाचायला घेतलं आणि मी दुसऱ्याच माणसाकडे बघत राहिलो.

कथा विसरलेल्यांसाठी थोडं. क्रिन नावाचं जग. मोठं युद्ध संपून दोन वर्षं झाली आहेत. जुळ्यांमधला थोरला, काही मिनिटांनीच थोरला, कॅरामन हा धिप्पाड लढवय्या. तो सोलेस गावात टिकाशी लग्न करून राहिला आहे. धाकटा रेस्टलिन काळा झगा घालून पॅलँथस शहरातल्या शापित मनोऱ्यात बसला आहे. त्याला देव व्हायचं आहे. अंधाराची राणी ताखिसिस हिला तिच्याच पाताळात जाऊन हरवायचं आणि तिच्या जागी बसायचं, असा त्याचा बेत. पाताळाचं दार उघडायला काळ्या झग्याचा जादूगार आणि पॅलाडाइन देवाची खरी उपासक अशी दोघं एकत्र लागतात. त्यासाठी लागणारी विद्या शिकायला तो काही शतकं मागे जातो, फिस्टँडँटिलस या महाभयंकर जादूगाराच्या काळात, इस्टार नगरीवर आकाशातून जळता डोंगर कोसळायच्या ऐन आधी. साध्वी क्रिसानियाही त्याच काळात पोचते. तिला जपायला आणि फिस्टँडँटिलसचा काटा काढायला जादूगारांची सभा कॅरामनला मागे पाठवते.

आता तो कॅरामन सुरुवातीला कसा आहे ते आठवा. पोट सुटलेलं, तलवार घालायचा पट्टा कमरेला पुरत नाही, सकाळपासून बुटक्यांची, म्हणजे ड्वार्फ जमातीची, कडक दारू. बायको राबते. हा बसून असतो. कारण विचारलं तर काहीच नाही. युद्धात कुणी जवळचं गेलं म्हणून नाही, पैसा बुडाला म्हणून नाही. भावाने त्याला सांगितलं की मला आता तुझी गरज नाही, एवढंच झालं आहे.

जन्मल्यापासून हा माणूस एकच काम करत आला. रेस्टलिन चालताना दमला की आधार द्यायचा, खोकल्यावरचा काढा उकळायचा, गावातली पोरं मारायला आली की मध्ये उभं राहायचं. रात्री स्वप्नं पडून धाकटा दचकून उठला की दिव्यासमोर हात धरून भिंतीवर सशाच्या सावल्या करून दाखवायच्या. ते काम संपलं आणि कॅरामन नावाचं काही उरलंच नाही.

मला सगळ्यात हादरवलं ते मनोऱ्यातल्या परीक्षेने. रेस्टलिनची जादूची परीक्षा चालू असताना तो अर्धमेला झालेला असतो. तेवढ्यात त्याला दिसतं की कॅरामन मदतीला आला आहे आणि जादू करतो आहे, तीही सहज. जी एकच गोष्ट रेस्टलिनची स्वतःची होती तीही थोरल्याने घेतली. तो त्याला जाळून टाकतो. तो कॅरामन आभास होता. पण परीक्षा घेणाऱ्यांनी खऱ्या कॅरामनला ते दृश्य उभं करून दाखवलं. म्हणजे आपला भाऊ आपल्याला मारू शकतो, त्याने मारलंच आहे, हे कॅरामनला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आणि तरीही तो बाहेर येऊन त्याला उचलतो आणि पुढची पाच वर्षं काढा उकळत राहतो.

पूर्वी मला वाटायचं, काय हे प्रेम! आता वाटतं की त्या उचलण्यात कॅरामनची स्वतःचीही गरज होती. धाकटा दुबळा राहण्यावर थोरल्याचं थोरलेपण उभं होतं. रेस्टलिनला हे दिसत होतं आणि त्याचा श्वास कोंडत होता.

काळाचा प्रवास, मनोरे, देव हे सगळं मला या एका गाठीभोवतीचं वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

भटकी_खार

रुमाल टाकून ठेवते. मी एकही भाग वाचलेला नाही आणि तरी शेवटपर्यंत वाचलं. आता पुस्तकं शोधणं आलं.

पट_आणि_फासे

फार दिवसांनी या पुस्तकांवर कुणी लिहिलं. आम्ही ठाण्यात दर रविवारी खेळायला बसतो, त्यामुळे माझं या जगाशी नातं पुस्तकाआधी खेळातून जडलं. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा खेळ. त्याच्या कंपनीसाठी हे जग उभं राहिलं. ट्रेसी हिकमन आणि त्यांची पत्नी लॉरा नोकरीसाठी युटाहून विस्कॉन्सिनला गाडीने जात होते, त्या प्रवासात त्यांनी ही कल्पना रचली. वाइस त्या कंपनीत पुस्तकांच्या संपादक होत्या. पुढे एका चाचणीच्या खेळात रेस्टलिनची भूमिका घेतलेल्या मित्राने तोंड उघडलं ते घोगऱ्या कुजबुजीतच. सगळे गप्प झाले. तो आवाज तिथून पुस्तकात आला. म्हणजे पानावर उतरण्याआधी तो माणूस एका टेबलापाशी बोललेला होता.

परीक्षेबद्दल एक भर. ती हकीकत पहिली कादंबरी यायच्या आधी, मार्च १९८४ च्या 'ड्रॅगन' मासिकात स्वतंत्र कथा म्हणून छापून आली होती. जुळ्यांचं सगळं बी त्या एका छोट्या कथेत आहे.

आणि जादूबद्दल बोलायलाच हवं, कारण ती तुमच्या मुद्द्याशी जोडलेली आहे. या जगात मंत्र एकदा म्हटला की डोक्यातून पुसला जातो. पुन्हा हवा असेल तर पुन्हा पोथी उघडून पाठ करायचा. रोज सकाळी. प्रत्येक मंत्रासोबत अंगातली थोडी ताकद जाते. झोपेच्या मंत्राला चिमूटभर वाळू लागते, उजेडासाठी काठी उचलून 'शिराक' म्हणावं लागतं. पांढरा, तांबडा, काळा असे तीन झगे, आकाशात तसेच तीन चंद्र, आणि काळा चंद्र फक्त काळ्या झग्यांना दिसतो. असं कष्टाचं, रोज शून्यावर येणारं ज्ञान रेस्टलिनने कमावलं होतं. म्हणून आभासातला कॅरामन ते फुकटात करतो, ही जखम इतकी खोल जाते.

निळी_शाई

लेख आवडला, पण दोन भावांमध्ये क्रिसानिया एका ओळीत उरकलीत. तिच्याबद्दल मला खूप काही म्हणायचं आहे.

ती मूर्ख नाही. ती गर्विष्ठ आहे, आणि तिचा गर्व चांगुलपणाचा आहे. या पापी माणसाला मी उजेडात आणीन, ही तिची खात्री. इस्टारमध्ये ती किंगप्रीस्टला, म्हणजे तिथल्या राज्य करणाऱ्या धर्मगुरूला, पाहते तेव्हा लांबून तो नुसता प्रकाश दिसतो. नंतर त्या प्रकाशाच्या मागचा साधा, घाबरलेला माणूस तिला दिसतो. जगातलं सगळं वाईट नष्ट करण्याची शक्ती मला द्या असं तो देवांना फर्मावतो, आणि देव तो डोंगर टाकतात. तेरा दिवस तेरा खुणा दिल्या तरी त्याला कळत नाही. क्रिसानियाने ते डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि ती स्वतः तेच करायला निघाली आहे.

दुसऱ्या भागात साथीने ओस पडलेलं गाव आहे. एकच माणूस शिल्लक, तोही मरणपंथाला लागलेला. ती त्याला देव दाखवायला जाते आणि तो देव नाकारून मरतो. मला वाटतं सगळ्या पुस्तकातलं सगळ्यात धीट पान ते आहे. जादू, प्रार्थना, काही चालत नाही. नकार देणाऱ्या माणसासमोर बसून राहणं एवढंच हातात उरतं, आणि तिला ते सोसत नाही.

पाताळात ती रेस्टलिनसाठी घाव अंगावर घेते, भाजते, आंधळी होते. शेवटी फक्त हात धर म्हणते. तो निघून जातो. कचाला संजीवनी मिळाली, देवयानी तिथेच राहिली, तसं. फरक असा की कचाकडे निदान उत्तर होतं.

म्हणून माझी तक्रार आहे. कॅरामनने भावासाठी स्वतःला झिजवलं तर त्याची गोष्ट होते. क्रिसानियाने तेच केलं तर तिचा धडा होतो.

माजघर

निळी_शाई, मान्य. मी तिला उरकलं ही चूकच झाली. तुम्ही लिहिल्यावर लक्षात येतंय की ती आणि कॅरामन एकाच जागी उभे आहेत. दोघांनाही रेस्टलिनला वाचवायचं आहे आणि दोघांनीही तो कसा वाचला पाहिजे हे आपापलं ठरवून टाकलं आहे. पण एक सांगा, शेवटी ती आंधळी झाल्यावर तिला जे दिसू लागतं, त्याला तुम्ही धडा म्हणाल? मला तिथे ती पहिल्यांदा मोठी वाटली. परत येऊन ती पंथाची धुरा घेते, ते कुणाच्या आधाराने नाही.

निळी_शाई

मोठी वाटते, हो. तिला मोठं करायला डोळे घ्यावे लागले, हे मला खुपतं. थोरल्याला दारू सोडून घरी परत जायला मिळालं.

कोयनाकाठ

मी जरा उलट्या बाजूने बोलतो. भाषा मला खटकते. विशेषणांचा पाऊस पडतो, प्रत्येक जण क्षणाक्षणाला डोळे मिटतो, ओठ चावतो, पांढराफटक पडतो. पहिला भाग इस्टारला पोचेपर्यंत फार रेंगाळतो. दुसऱ्या भागातलं बुटक्यांचं युद्ध तर मी पानं उलटत संपवलं.

पण काळाचा हिशोब मात्र चोख आहे आणि त्यावर बोलायला मला आवडेल. आपल्याकडे काळ म्हटला की नारळीकरांची पानिपतची कथा आठवते. विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निघून जाते आणि तिथून इतिहासाला दुसरी फांदी फुटते. दोन्ही फांद्या खऱ्या. तिथे नायक या फांदीवरून त्या फांदीवर जाऊन परत येतो. इथे तसं नाही. इथे काळ एकच आहे, नदीसारखा. तुम्ही त्यात पडलात तर काठीसारखे वाहत जाल, नदी आपल्याच वाटेने जाणार. माणसं, एल्फ आणि ओगर यांना इतिहास बदलता येतच नाही. रेस्टलिन फिस्टँडँटिलसला मारतो खरा, पण पुढे काय होतं? त्याच जादूगाराचं आयुष्य त्याला पावलापावलाने जगावं लागतं. तेच युद्ध, तोच किल्ला, तेच दार. आपल्या आधीच्या माणसाला संपवलं आणि त्याच्याच चपला पायात आल्या. वाचताना मला आमच्या भावकीतली माणसं आठवली. बापाशी आयुष्यभर भांडून चाळिशीत हुबेहूब बाप झालेली.

पट_आणि_फासे

कोयनाकाठ, तुम्ही अर्धाच नियम सांगितलात, मजा पुढच्या अर्ध्यात आहे. केंडर, बुटके आणि नोम या जमाती देवांनी ठरवून घडवलेल्या नाहीत, त्या ग्रेजेम नावाच्या रत्नाच्या गोंधळातून झाल्या. म्हणून त्यांना काळ बदलता येतो. केंडरांना तर काळात मागे जायलाच मनाई आहे. आणि टास हा केंडर, म्हणजे पोरासारख्या बुटक्या, निर्भय, चौकस जमातीतला, ज्याला कुठलीही बंद वस्तू बघवत नाही, उंदीर होऊन त्या मंत्रात घुसतो. तिथे सगळ्या मोठ्या लोकांचा हिशोब बिघडतो.

मूळ इतिहासात फिस्टँडँटिलस दाराशी मेला, कारण त्याच वेळी एका नोमने जवळच काळप्रवासाचं यंत्र चालवलं आणि दोन जादू एकमेकींवर आदळल्या. रेस्टलिनला हे कळतं. म्हणून तो ग्निम्श या नोमला मारतो. ग्निम्श हा टासला पाताळात भेटलेला, आयुष्यभर एकही यंत्र धड न जमलेला, आणि या एकाच वेळी यंत्र नीट करून दाखवलेला. ती हत्या मला आजही बघवत नाही. इतकी मोठमोठी पापं आहेत त्या पुस्तकात, पण टाससमोर मारलेला तो निरुपद्रवी जीव विसरत नाही.

कोयनाकाठ

हो. आणि टास, ज्याला भीती म्हणजे काय ते माहीत नाही, तो तिथे पहिल्यांदा दुःख म्हणजे काय ते शिकतो. भाषेबद्दलची तक्रार त्या प्रकरणापुरती मागे घेतो.

आणखी एक. जुळे आणि भविष्य म्हटल्यावर सहदेव आठवला. आपल्याकडे म्हणतात ना, सहदेवाला पुढचं सगळं दिसायचं, पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही असं बंधन होतं. नकुलाने त्याला कधी काही विचारल्याचं मी ऐकलं नाही. रेस्टलिनचे डोळे तसेच. सगळ्यांचं मरण दिसतं आणि आजूबाजूचे विचारतात ते फक्त तब्येतीचं.

उंबरठा

मी बरीच वर्षं व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक आहे. जादूची पुस्तकं माझ्या वाटेला जात नाहीत, मुलाने हट्टाने वाचायला लावलं. पहिल्या भागातली पहिली शंभर पानं वाचून मी त्याला विचारलं, लिहिणाऱ्यांच्या घरात कुणी पीत होतं का रे? इतकं ते ओळखीचं आहे. टिका नवऱ्याला घराबाहेर काढते तो प्रसंग माझ्यासमोर किती बायकांनी सांगितला असेल. रागाने काढत नाहीत हो. सगळं करून झालेलं असतं म्हणून काढतात.

माजघर यांचा मुद्दा मला पटतो आणि त्यात एक पायरी जोडते. इस्टारमध्ये कॅरामनला गुलाम म्हणून विकतात, आखाड्यात लढायला तयार करतात. दारू बंद, खाणं मोजून, रोज कसरत. अंग पुन्हा पोलादी होतं. वाचणाऱ्याला वाटतं, सुटला! आमच्याकडे अशा माणसाला सुटलेला म्हणत नाहीत. बाटली लांब ठेवली आहे, एवढंच. डोक्यात काय चालू आहे ते बघा. आधी डोक्यात भावाला वाचवणं होतं, आता भावाला मारणं आलं. सुरा घेऊन त्याच्या खोलीत जातो आणि हात उचलत नाही. वाचवायचं असो की मारायचं, मध्ये बसलेला माणूस धाकटाच. स्वतःचं जगणं अजून सुरू झालेलं नाही.

ते सुरू होतं तिसऱ्या भागात. काळाचं यंत्र चुकून पुढे नेतं आणि तो सोलेसला पोचतो. चिखल, विजा, आकाशाएवढ्या वॅलनवुडच्या झाडांची जळकी खोडं. सगळं गाव ज्या झाडांवर वसलेलं होतं ती झाडंच नाहीत. टिकाच्या नावाचा दगड आणि त्यापाशी एक प्रेत. ते त्याचं स्वतःचं आहे. आपण भावाच्या मागे फिरत राहिलो तर घरचं काय झालेलं असेल, ते माणसाला असं समोर मांडून दाखवलं तर फार कमी लोक प्यायचे थांबणार नाहीत.

शेवंतीमळा

मी सहसा नुसती वाचते. आज राहवलं नाही.

माझ्या धाकट्या भावाला सतराव्या वर्षापासून स्किझोफ्रेनिया आहे. चौदा वर्षं झाली. त्याच्या गोळ्या मी मोजून देते, त्याच्याबरोबर दवाखान्यात मी जाते, रात्री आवाज येतात तेव्हा शेजारी मी बसते. आईचं आता होत नाही. माझ्यासारखीला 'त्यात तुझीही गरज होती' हे वाक्य लोक फार सहज ऐकवतात. ज्यांना रात्री झोप मिळते ते लोक.

कॅरामनने तो काढा उकळला नसता तर रेस्टलिन विशीतच मेला असता, हे पुस्तकात स्पष्ट आहे. कुणीतरी उकळायलाच हवा होता. थोरला त्यात अडकला, हे खरं. पण त्याआधी तो माणूस रोज वेळेवर उठला, हेही खरं. माजघर, तुमच्या लेखात हे दुसरं खरं मला दिसलं नाही.

आणि शेवटही मी वेगळा वाचते. कॅरामन भावाला सोडून देतो असं सगळे म्हणतात. तो कुठे सोडतो? त्या मेलेल्या जगात काळाची बखर लिहिणारा ॲस्टिनस त्याला शेवटचा ग्रंथ देतो. तो ग्रंथ घेऊन कॅरामन मागे येतो आणि सरळ पाताळाच्या दारातून आत जातो. भावाला सांगतो, तू जिंकलास. सगळे देव हरले. आणि मग काही उरलं नाही. तुला घडवता काहीच येत नाही, तू मेलेल्या जगात एकटा बसला आहेस. जन्मभर त्याने भावाला बरं वाटेल तेच सांगितलं होतं, सशाच्या सावल्या दाखवल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा खरं सांगितलं. काळजी घेणं संपलं नव्हतं, खोटं बोलणं संपलं होतं. मला या दोन गोष्टी वेगळ्या करायला आठ वर्षं लागली. तुला बरं वाटेल, गोळ्या बंद होतील, असं मी त्याला सांगायची. आता नाही सांगत. गोळ्या मात्र देते.

उंबरठा

शेवंतीमळा, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. माझ्या वाक्यांनी तुम्हाला दुखावलं असेल तर माफ करा. व्यसन आणि आजार यांना एका मापाने मोजायचं नसतं, हे मी रोज दुसऱ्यांना सांगते आणि इथे लिहिताना विसरले.

माजघर

रात्रभर तुमच्या प्रतिसादावर विचार करत होतो, शेवंतीमळा. तुमचं बरोबर आहे. लेखात मी एका बाजूने कठोर झालो, आणि त्याचं कारण सांगितलं पाहिजे.

मी जुळा आहे. अकरा मिनिटांनी थोरला. लेखात 'आम्ही' आहे तो मी आणि माझा भाऊ. सहा वर्षं आम्ही बोललेलो नाही. त्याच्या धंद्यातली देणी मी तीनदा फेडली, घरात कुणाला न सांगता, त्यालाही नीट न सांगता. चौथ्या वेळी बायकोच्या दागिन्यांपर्यंत आलं तेव्हा मी ओरडलो. सगळ्यांसमोर. तीनदा गप्प राहून चौथ्यांदा ओरडलो. तो म्हणाला, तुला मी बुडालेलाच हवा असतो. दार आपटून गेला.

हे वाक्य मी सहा वर्षं डोक्यात वागवतो आहे. यंदा कॅरामनबद्दल वाचताना वाटलं, भाऊ खरंच बोलला होता की काय. म्हणून तसा लेख झाला. तुम्ही लिहिलेलं वाचून आज असं वाटतंय की पैसे दिले ही चूक नव्हती. पहिल्याच वेळी समोर बसून खरं बोललो नाही.

पट_आणि_फासे, तुम्ही निरोपात तिसऱ्या भागातलं पान विचारलं होतं. ती प्रत त्याच्याकडे आहे. घर वेगळं झालं तेव्हा पहिले दोन माझ्या खोक्यात आले, तिसरा त्याच्या. यंदा मी तो मोबाईलवर वाचला, त्यामुळे पान क्रमांक सांगता येणार नाही.

कोयनाकाठ

माजघर, वर भाषेवर इतकं तोंडसुख घेतलं त्याचं आता वाईट वाटतंय. ज्या पुस्तकावरून इतकी माणसं असं बोलतात त्यात विशेषणं मोजायची नसतात.

निळी_शाई

शेवटाबद्दल एकच राहिलं. रेस्टलिन ते ऐकतो आणि मागे राहतो. मॅजियसची काठी भावाच्या हातात देतो, क्रिसानियाला उचलून घेऊन जा म्हणतो आणि दार बंद करायला लावतो. पाच तोंडांची राणी त्याच्या मागे उभी आहे आणि पुढे काय होणार हे त्याला पक्कं ठाऊक आहे. सगळ्या काळाची मरणं बघणारे डोळे, आणि त्यांनी स्वतःचं मरण असं निवडलं. त्याने क्रिसानियाशी जे केलं ते याने फिटत नाही, माझ्या मते फिटूही नये. पण तिथे मी रडले हे कबूल करते.

भटकी_खार

पहिला भाग मिळाला! कुठून सुरू करू? कुणी म्हणतं आधी 'क्रॉनिकल्स' वाच.

पट_आणि_फासे

वेळ असेल तर आधी 'क्रॉनिकल्स'चे तीन भाग, म्हणजे युद्धाची गोष्ट. त्यात रेस्टलिनचा झगा तांबड्याचा काळा कसा होतो ते येतं, आणि बुपू येते. बुपू म्हणजे सगळ्यांनी हाकललेली गली ड्वार्फ. तिच्याशी तो शेवटपर्यंत मायेने वागतो, कुणी बघत नसतानाही. ते आधी माहीत असलं की 'लेजंड्स' जास्त लागतं. घाई असेल तर थेट सुरू केलंत तरी अडणार नाही.

शेवंतीमळा

काल रात्री आमच्याकडे वीज गेली होती. मोबाईलचा टॉर्च लावून भिंतीवर ससा करून दाखवला. भाऊ बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, ताई, कान चुकलेत तुझे. आणि माझी दोन बोटं धरून नीट करून दिली.